वेशीबाहेरचा परवाना

अमेरिकेतील केंटकी राज्याच्या विधिमंडळाने १८१३ साली एक लहानसा कायदा केला. खिशातले पिस्तूल, खंजीर, मोठा सुरा किंवा काठीत दडवलेली तलवार अंगावर झाकून बाळगणाऱ्यास किमान शंभर डॉलर दंड व्हावा, असा त्याचा आशय होता. त्या काळी ही रक्कम थोडी नव्हती. मात्र कायद्याने एका माणसास वगळले होते. जो प्रवासास निघाला आहे, त्यास हा दंड लागू नव्हता.

बरोबर दोनशे वर्षांनी, २०१३ साली, पेन्सिल्व्हेनियातील एक तरुण कृष्णवर्णीय स्त्री मोटारीने शेजारच्या न्यू जर्सी राज्यात गेली. दोन मुलांची ती आई. पेन्सिल्व्हेनियाने तिला झाकून शस्त्र बाळगण्याचा रीतसर परवाना दिलेला होता. वाहतुकीच्या किरकोळ कारणावरून पोलिसाने गाडी थांबवली, तेव्हा आपल्याजवळ पिस्तूल व परवाना असल्याचे तिने आपणहून सांगितले. न्यू जर्सी अन्य कोणत्याही राज्याचा परवाना मानत नाही, हे तिला ठाऊक नव्हते. तिला अटक झाली. ज्या गुन्ह्याखाली खटला उभा राहिला, त्याला काही वर्षांचा सक्तीचा तुरुंगवास जोडलेला होता. २०१५ साली गव्हर्नरांनी तिला माफी दिली.

पहिल्या कायद्यात प्रवासी हा अपवाद आहे. तो प्रवासात आहे म्हणूनच त्याला मोकळीक आहे. दुसऱ्या प्रसंगी तो प्रवासात आहे म्हणूनच गुन्हेगार ठरतो. हा उलटफेर कसा घडला? ह्या प्रश्नाचा मागोवा घेताना आम्हांस असे दिसले की, हा इतिहास बंदुकीचा आहे त्याहून अधिक परक्याचा आहे. 'बाहेरून आलेला माणूस कोण?' ह्या प्रश्नास एका संघराज्याने वेळोवेळी दिलेली उत्तरे त्यात साठलेली आहेत. साहित्याच्या अभ्यासकांनी हे कायदे वाचावेत असे आम्हांस वाटते ते ह्यासाठी.

आरंभीच्या कायद्यांची भाषाच पाहावी. टेनेसी राज्याच्या १८२१ च्या कायद्यात पट्ट्यातले किंवा खिशातले पिस्तूल, खंजीर आणि परदेशी सुरे बाळगण्यास दंड आहे. आणि असे करणारा स्वतःस हीन करून घेतो, असा शेराही आहे. शिकारीच्या पिशवीच्या पट्ट्यास सर्वांना दिसेल असा सुरा लावलेला चालेल. आपला परगणा किंवा आपले राज्य सोडून दूर निघालेल्यासही मुभा. ह्यामागे एक नीतिकल्पना उभी आहे. सभ्य गृहस्थ शस्त्र बाळगतो ते उघड. लपवतो तो मारेकरी किंवा भ्याड. जॉर्जियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १८४६ साली आणि लुइझियानाच्या न्यायालयाने १८५० साली हाच भेद कायम केला: उघड शस्त्र हा हक्क, लपवलेले शस्त्र हा अपराध. केंटकीच्या न्यायालयाने मात्र १८२२ साली १८१३ चा कायदाच रद्द ठरवला होता. तेव्हा त्या राज्याने १८५० च्या नव्या संविधानात, लपवलेल्या शस्त्रांवर बंदी घालण्याचा अधिकार विधिमंडळास आहे, असे स्पष्ट लिहून घेतले.

ह्या नीतिकल्पनेत प्रवाशास सूट का, हे समजण्यास फार कष्ट नकोत. गावात माणसाचे रक्षण गाव करते: शेजारी असतात, ओळख असते, हाक मारली तर कोणी धावून येते. वाटेवर ह्यांपैकी काही नसते. म्हणून वेस ओलांडली की शस्त्राची गरज वाढते, असे ते साधे तर्कशास्त्र होते. टेक्सासने १८७१ च्या कडक कायद्यातही प्रवाशास वगळले. पुढे शंभरावर वर्षे तेथील न्यायालये 'प्रवासी' म्हणजे नेमका कोण ह्यावर काथ्याकूट करीत राहिली. किती मैल गेले म्हणजे प्रवास? वाटेत मुक्काम हवा काय? २००५ साली विधिमंडळाने काही अटींवर मोटारीतल्या माणसास प्रवासी गृहीत धरावे असा कायदा केला आणि २००७ साली तो प्रश्न बहुतांशी मिटवला.

पण 'प्रवासी' ह्या शब्दात सगळेच प्रवासी येत होते काय? येथे ह्या इतिहासाचा दुसरा आणि अधिक अंधारा पदर लागतो.

१८२२ साली दक्षिण कॅरोलिनाने एक कायदा केला. बाहेरून आलेल्या जहाजावर कोणी स्वतंत्र कृष्णवर्णीय खलाशी असेल, तर जहाज बंदरात असेतोवर त्यास तुरुंगात ठेवावे. मॅसॅच्युसेट्समध्ये जो मनुष्य नागरिक म्हणून वावरत होता, तो चार्ल्स्टनच्या धक्क्यास लागताच कैदी होई. १८४४ साली मॅसॅच्युसेट्सने ह्याविरुद्ध दाद मागण्यासाठी सॅम्युएल होअर ह्यांस चार्ल्स्टनला पाठवले, तर त्यांनाच तेथून घालवून देण्यात आले. एका राज्याने दिलेला दर्जा दुसऱ्या राज्याच्या वेशीवर गळून पडतो, ह्याचे ह्याहून ठळक उदाहरण क्वचितच सापडेल.

आणि मग ड्रेड स्कॉट. ह्या गुलामास त्याचा धनी, सैन्यातील एक डॉक्टर, मिझुरीतून इलिनॉय ह्या मुक्त राज्यात आणि पुढे विस्कॉन्सिन प्रदेशात घेऊन गेला. मुक्त भूमीवर राहिल्याने आपण मुक्त झालो, असा स्कॉटचा दावा होता. मिझुरीची न्यायालये १८२४ पासून असे दावे मान्य करीत आली होती. एकदा मुक्त तो सदैव मुक्त, असा त्यांचा प्रघात होता. हा प्रघात म्हणजे शेजारी राज्याच्या कायद्यास दाखवलेले सौजन्य. कायद्याच्या परिभाषेतही त्यास सौजन्य अशाच अर्थाचा शब्द आहे. १८५२ साली मिझुरीच्या सर्वोच्च न्यायालयाने हे सौजन्य काढून घेतले. काळ पूर्वीसारखा राहिलेला नाही, असे कारण त्याने दिले. सौजन्य ही हक्काची वस्तू नव्हे, देणाऱ्याच्या मर्जीची आहे, हे त्या निकालाने उघड केले.

प्रकरण संघराज्याच्या सर्वोच्च न्यायालयात गेले आणि ६ मार्च १८५७ रोजी सरन्यायाधीश रॉजर टॉनी ह्यांनी तो कुप्रसिद्ध निकाल दिला. कृष्णवर्णीय मनुष्य, तो मुक्त असला तरी, अमेरिकेचा नागरिक होऊ शकत नाही. त्या निकालात एक परिच्छेद आहे, ज्याकडे आमचे लक्ष विशेष वेधले. टॉनी म्हणतात त्याचा भावार्थ असा: ह्या लोकांना नागरिक मानले तर कोणत्याही राज्यात वाटेल तेव्हा शिरण्याचा, पास-परवान्यावाचून हिंडण्याचा, सभा भरवण्याचा आणि जातील तेथे शस्त्रे बाळगण्याचा हक्क त्यांस द्यावा लागेल. टॉनींच्या दृष्टीने ही यादी एवढी भयंकर होती की, ती नुसती उच्चारणे हाच युक्तिवाद होता.

ह्या यादीत आजच्या वादाचे सगळे बीज आहे. राज्याची सीमा ओलांडणे आणि शस्त्र बाळगणे ह्या दोन गोष्टी तेथे एका दमात आल्या आहेत. नागरिक तो, जो वेशीपलीकडेही सशस्त्र हिंडू शकतो. आणि म्हणूनच ज्याच्या हाती शस्त्र नको, त्यास नागरिक म्हणायचे नाही. मराठी वाचकास हा तर्क अगदीच अपरिचित वाटू नये. १८७८ च्या शस्त्र कायद्याने हिंदुस्थानात हेच केले: एतद्देशीयांस परवान्याची सक्ती आणि युरोपियनांस सूट. काँग्रेसने १८८७ च्या मद्रास अधिवेशनात त्याविरुद्ध ठराव केला, तो काही सर्वांना बंदुका हव्या होत्या म्हणून नव्हे. आपल्यावर विश्वास नाही, हे सरकारने कायद्याच्या भाषेत लिहून ठेवले होते. सल त्याचा होता.

यादवी युद्धानंतर गुलामगिरी गेली. पण १८६५ सालीच मिसिसिपीने मुक्त झालेल्यांस परवान्यावाचून शस्त्र बाळगण्यास मनाई केली. १८६८ च्या चौदाव्या घटनादुरुस्तीने नागरिकत्व दिले, तेव्हा उघड वर्णभेदाची भाषा कायद्यातून नाहीशी झाली आणि तिची जागा एका निरुपद्रवी दिसणाऱ्या गोष्टीने घेतली: अधिकाऱ्याची मर्जी. परवाना 'योग्य' माणसास द्यावा. योग्य कोण ते शेरीफ किंवा न्यायाधीश ठरवील. फ्लॉरिडाच्या १८९३ च्या अशा एका कायद्याविषयी तेथील सर्वोच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींनी १९४१ साली निःसंकोच लिहून ठेवले आहे की, तो गोऱ्यांना लागू करण्याचा हेतू कधी नव्हताच. न्यूयॉर्कने १९११ साली सुलिव्हन कायदा करून पिस्तुलास परवाना सक्तीचा केला. तेथे संशय मुख्यत्वे नव्याने आलेल्या स्थलांतरितांवर होता, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. १९५६ च्या जानेवारीत मॉन्टगमेरी येथे मार्टिन ल्यूथर किंग ह्यांच्या घरावर बाँब पडला. त्यानंतर त्यांनी शस्त्र बाळगण्याच्या परवान्यासाठी अर्ज केला. तो नाकारण्यात आला. ज्या माणसाच्या घराची ओसरी नुकतीच उद्ध्वस्त झाली होती, त्यास अलाबामाच्या अधिकाऱ्यांनी 'योग्य' मानले नाही.

मर्जीची ही व्यवस्था मोडली ती वेगळ्याच दिशेने. १९८७ साली फ्लॉरिडाने असा कायदा केला की, ठरावीक अटी पुऱ्या करणाऱ्यास झाकून शस्त्र बाळगण्याचा परवाना द्यावाच लागेल. ह्यापूर्वीही काही राज्यांत असे कायदे होते. पण फ्लॉरिडानंतर त्यांची लाट आली. टेक्सासमध्ये १९९१ साली किलीन गावच्या एका खाणावळीत २३ माणसे मारली गेली. तेव्हाच्या कायद्यास भिऊन आपले पिस्तूल मोटारीत ठेवून आलेल्या सुझाना हप ह्यांनी तेथे डोळ्यांदेखत आईवडील गमावले. पुढे त्या विधिमंडळावर निवडून गेल्या. १९९५ साली टेक्सासनेही तसा कायदा केला. ह्या लाटेत जुनी नीतिकल्पना उलटी झाली. उघड शस्त्र आता दांडगाईचे आणि झाकलेले शस्त्र सभ्यतेचे लक्षण मानले जाऊ लागले. १९६७ साली ब्लॅक पँथर पक्षाची मंडळी भरलेल्या बंदुका उघड घेऊन कॅलिफोर्नियाच्या विधानभवनात गेली आणि त्याच वर्षी गव्हर्नर रॉनल्ड रेगन ह्यांनी भरलेले शस्त्र उघड बाळगण्यावर बंदी घालणाऱ्या कायद्यावर सही केली, हेही येथे आठवावे.

परवाने लाखोंनी निघाले आणि प्रवाशाचा जुना प्रश्न नव्या रूपात पुढे आला. एका राज्याचा परवाना दुसऱ्याने मानावा काय?

जुन्या मराठी कागदपत्रांत 'दस्तक' आणि 'राहदारी' हे शब्द भेटतात. वाटेवरच्या चौक्यांनी माणसास वा मालास अडवू नये, म्हणून दिलेला तो कागद. अशा कागदाचे बळ देणाराच्या शिक्क्यात असते असे आपण समजतो. वस्तुतः ते चौकीवरचा माणूस तो शिक्का मानतो की नाही ह्यात असते. अमेरिकेतील परवान्यांचे तसेच झाले. तेथील संविधानाच्या चौथ्या अनुच्छेदात, प्रत्येक राज्याने दुसऱ्याच्या सार्वजनिक कृती, नोंदी व न्यायनिर्णय ह्यांस पूर्ण मान्यता द्यावी असे म्हटले आहे. पण शस्त्रपरवान्यास ते लागू पडते असे न्यायालयांनी मानलेले नाही. वाहन चालवण्याचा परवाना सर्वत्र चालतो, तोही प्रत्येक राज्याने स्वतःच्या कायद्याने चालवून घेतला म्हणून. उलट वकिलाची सनद सीमेपलीकडे आपोआप चालत नाही. मग शस्त्र हे मोटारीसारखे की वकिलीसारखे?

राज्यांची उत्तरे निरनिराळी आली. युटा कोणत्याही राज्याचा परवाना मानते आणि परराज्यातील रहिवाशांनाही स्वतःचा परवाना देते. मिशिगन व फ्लॉरिडा परवाना मानतात, पण तो धारकाच्या स्वतःच्या राज्याचा असला तरच. न्यूयॉर्क, न्यू जर्सी व कॅलिफोर्निया परक्याचा परवाना मुळीच मानत नाहीत. इलिनॉयने २०१३ साली परवानापद्धती सुरू केली, तेव्हा ज्यांचे कायदे आपल्यासारखे आहेत अशाच राज्यांतील रहिवाशांचे अर्ज घेण्याचे ठरवले. बाहेरच्या माणसाच्या पुढील वर्तनावर आम्ही नजर ठेवू शकत नाही, हे त्याचे कारण संघीय अपील न्यायालयाने २०१९ साली ग्राह्य धरले. सर्वांत मजेची स्थिती व्हरमाँटची. तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९०३ साली परवान्याची सक्ती करणारा एक नगर-नियम रद्द केला, आणि त्या राज्याने परवाना देण्याची पद्धतच कधी सुरू केली नाही. त्यामुळे ज्या राज्यातील माणूस घरी सर्वांत मोकळा, त्याच्याजवळ परराज्यात दाखवायला कागदच नाही. त्याला दुसऱ्याच राज्याकडे अनिवासी म्हणून अर्ज करावा लागतो.

ही मान्यता किती तकलादू असते हे २०१५ च्या डिसेंबरात दिसले. व्हर्जिनियाच्या महाधिवक्त्यांनी २५ राज्यांच्या परवान्यांची मान्यता काढून घेत असल्याचे जाहीर केले आणि महिनाभरातच राजकीय तडजोड होऊन तो निर्णय फिरला. मिझुरीने १८५२ साली सौजन्य काढून घेतले तो प्रसंग आणि हा प्रसंग ह्यांची नैतिक बरोबरी आम्ही करीत नाही. तसे करणे अन्यायाचे होईल. पण कायद्याची यंत्रणा दोन्हीकडे तीच आहे. सौजन्यावर उभा असलेला हक्क एका सहीनिशी मावळतो.

संघराज्याने मार्ग काढण्याचा प्रयत्न केलाच नाही असे नव्हे. १९८६ च्या कायद्याने प्रवाशास एक चिंचोळी वाट दिली: निघताना व पोहोचताना शस्त्र कायदेशीर असेल, तर मधल्या राज्यांतून ते रिकामे करून, हाती लागणार नाही असे बंद ठेवून नेता येईल. पण २००५ साली युटाहून पेन्सिल्व्हेनियाला निघालेल्या एका प्रवाशाचे विमान नेवार्क येथे चुकले. रात्र त्याने सामानासह हॉटेलात काढली. सकाळी विमानतळावर पिस्तूल नियमाप्रमाणे जाहीर केले आणि त्यास अटक झाली. हॉटेलात शस्त्र त्याच्या हाती होते, म्हणून संघीय संरक्षण त्यास लागू नाही, असे अपील न्यायालयाने २०१० साली म्हटले. १८१३ च्या केंटकीत जो मुक्काम त्याच्या प्रवासाचाच भाग ठरला असता, त्याच मुक्कामाने येथे त्याचा प्रवास तुटला. २००४ च्या कायद्याने सेवेतील व निवृत्त पोलिसांस मात्र देशभर झाकून शस्त्र बाळगण्याची मुभा दिली. सामान्य परवानाधारकांसाठी तशीच मुभा देणारी दुरुस्ती २००९ साली सिनेटमध्ये ५८ विरुद्ध ३९ मतांनी, म्हणजे लागणाऱ्या ६० मतांना दोन कमी पडून, अडली. प्रतिनिधिगृहाने तसे विधेयक २०११ साली आणि पुन्हा ६ डिसेंबर २०१७ रोजी २३१ विरुद्ध १९८ मतांनी संमत केले. सिनेटने ते पुढे नेले नाही. २०२५ साली ते पुन्हा मांडले गेले.

ह्या वादात दोन्ही पक्षांची भूमिका त्यांच्या नेहमीच्या भूमिकेच्या उलट आहे, ही गोष्ट वाचकांच्या लक्षात येईल. एरवी राज्यांच्या स्वायत्ततेचा उच्चार करणारे येथे संघसत्तेस हाक मारतात. एरवी संघसत्तेवर भिस्त ठेवणारे येथे राज्यांच्या हक्काची ढाल पुढे करतात. विरोधकांचा मुद्दा पोकळ नाही. सर्वांचा परवाना सर्वत्र चालू लागला, तर ज्या राज्याची परीक्षा सर्वांत सैल तीच साऱ्या देशाची परीक्षा होईल. आणि २०२४ अखेर २९ राज्यांत परवान्याची अटच उरलेली नव्हती. दाट वस्तीच्या शहराने आपल्या रस्त्यांवर कोण सशस्त्र हिंडेल हे स्वतः ठरवू नये काय? पण त्या तरुण आईच्या बाजूने पाहिले, तर एकाच देशात एका पुलाच्या अलीकडे प्रामाणिक आणि पलीकडे गुन्हेगार ठरणे, तेही खरे सांगितल्यामुळे, ह्याला न्याय म्हणवत नाही. आमचा स्वतःचा कल शस्त्रांच्या बाजूस नाही. तरीही ह्या प्रकरणी आम्हांस तिची बाजू डावलता आली नाही, हे कबूल केले पाहिजे.

२३ जून २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने न्यूयॉर्कची मर्जीवर चालणारी परवानापद्धती घटनाबाह्य ठरवली. निकाल लिहिला तो कृष्णवर्णीय न्यायमूर्ती क्लॅरेन्स थॉमस ह्यांनी. घराबाहेर शस्त्र बाळगणे हा नागरिकाच्या हक्काचा भाग आहे हे दाखवताना त्यांनी टॉनींच्या त्याच परिच्छेदाचा आधार घेतला. जी यादी १८५७ साली भीती घालण्यासाठी लिहिली होती, ती आता हक्काचा पुरावा म्हणून वाचली गेली. शब्द तेच, वाचणारा बदलला. साहित्याच्या वर्गात आपण अशा वाचनाची चर्चा करतो. तेथे मात्र अशा वाचनावर माणसांचे तुरुंगात जाणे वा न जाणे ठरते.

ह्या निकालाने परक्याचा प्रश्न मात्र सुटला नाही. हक्क नागरिकाचा असेल, तर तो सीमेवर थांबावा काय, ह्यावर खटले चालूच आहेत. मॅसॅच्युसेट्सच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२५ साली शेजारच्या न्यू हॅम्पशायरमधील रहिवाशांच्या दोन खटल्यांत असे म्हटले: अनिवासी माणसास परवाना देणे अधिकाऱ्याच्या मर्जीवर सोडणारी जुनी पद्धत घटनाबाह्य होती, मात्र निश्चित निकषांवर परवाना देणारी नवी पद्धत असल्यास, बाहेरून येणाऱ्याने तो घ्यावा अशी अपेक्षा करणे वैध आहे. पाहुण्याने वेशीवर नाव सांगावे, पण आत घेणे न घेणे वेसकऱ्याच्या लहरीवर असू नये, असा हा मधला मार्ग आहे.

केंटकीच्या त्या कायद्यात प्रवासी कोण ह्याची व्याख्या नव्हती. लिहिणाऱ्यांस ती आवश्यक वाटली नसावी; आपल्यासारखाच कोणी, घोड्यावर बसून दूर निघालेला, असे चित्र त्यांच्या डोळ्यांपुढे असेल. त्या चित्रात ड्रेड स्कॉट नव्हता, चार्ल्स्टनच्या तुरुंगातला खलाशी नव्हता, आणि पुलावरून रात्री मोटार हाकत निघालेली आईही नव्हती.